माझ्या रॉयल एनफील्ड हिमालयन 411चं मागचं टायर संपलंय. पुढचं सहा वर्षांचं आहे, पण नक्षी भरपूर. दोन्ही बदलू का?

पुढचं आधी बदला.

तुमचा मेकॅनिक म्हणाला, ‘नक्षी आहे तोवर टायर आहे.’ हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, मी गेली कित्येक वर्षं आमच्या घरात ऐकतोय, माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या तोंडून. तुमच्या प्रश्नात ते वाचलं आणि राहवलं नाही.

आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. दादाचा टिपर होता. 2012 साली खाणी थांबेपर्यंत तो मांडवीकाठच्या जेटीवर खनिज ओतायचा. मीही खाणीच्या वर्कशॉपमध्ये तीन वर्षं टायरांच्या कामावर होतो, त्यामुळे हा वाद दोन अडाण्यांचा नाही. टिपरची मागची टायरं जोडीने असतात. एक बसलं तरी शेजारचं भार घेतं आणि गाडी कडेला घेता येते. म्हणून मागे रिसोल केलेलं, म्हणजे झिजल्यावर वरून नवी नक्षी चढवलेलं, टायर चालून जायचं. पण पुढच्या चाकांना दादाने आयुष्यात कधी रिसोल लावलं नाही. नवं टायर आणलं की ते आधी पुढे चढायचं आणि पुढचं उतरलेलं मागे जायचं. माझं त्याला एवढंच विचारणं आहे, आजही आहे: सहा चाकांच्या गाडीला जो नियम तू पाळलास, तो दोन चाकांच्या गाडीला का नाही?

आता माझं ऐका. 2022चा जुलै. बायकोच्या बहिणीच्या बाळाचं बारसं आटोपून आम्ही दोघं बेळगावहून परत येत होतो. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला. कणकुंबीपासून धुकं एवढं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. माझी हिमालयन 2016ची, फिरलेली एकोणीस हजार. मागचं टायर आदल्या वर्षीच नवं घातलेलं. पुढचं गाडीबरोबर आलेलं तेच. मे महिन्यात मी दादाला विचारलं होतं, पावसाआधी पुढचंही बदलू का? त्याने बोट घालून खाचा मोजल्या आणि म्हणाला, ‘अर्ध्याहून जास्त आहे. पैसे वर आलेत काय तुझे?’ मी ऐकलं.

चोर्ल्याच्या घाटातून बेळगावची भाजी गोव्यात येते, रात्रंदिवस. ते ट्रक घाटाच्या वळणांवर थोडं थोडं डिझेल-तेल सांडत जातात. वरून कातळाचं पाणी रस्त्यावर येतं, त्यात तांबडी माती आणि कुजका पाला. उतरताना एका डाव्या वळणावर, तिशीच्या आसपास वेग असेल, हँडल एकदम हलकं लागलं. हाताखालून कुणी काहीतरी काढून घ्यावं तसं. मागचं चाक सटकलं तर गाडी आधी सांगते, कंबरेला कळतं, सावरायला वेळ मिळतो. पुढचं सांगत नाही. आम्ही दोघंही रस्त्यावर. मला गुडघ्याला खरचटलं. तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं, उजव्या बाजूचं. मागून येणाऱ्या भाजीच्या ट्रकवाल्याने तिला केबिनमध्ये बसवून साखळीच्या इस्पितळात आणलं. वाटेत त्याने आपलं घोंगडं तिच्या अंगावर टाकलं होतं. पुढे दीड महिना ती एका हाताने वेणी घालायची धडपड करायची आणि मी समोर बसून बघायचो.

दुसऱ्या दिवशी दादा गाडी बघून आला. ‘नक्षी नव्यासारखी आहे. टायराला कशाला बोल लावतोस? वळणात ब्रेक दाबला असशील.’ मी ब्रेक दाबला नव्हता. हे मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो.

ते टायर उतरवून मी नव्या टायराशेजारी ठेवलं आणि दोन्हींत नख रोवून पाहिलं. नव्यात नख रुतलं, खूण उमटून हळूहळू भरली. जुन्यात नख घसरलं, जसं दगडावर घसरावं. खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा होत्या. त्यात टायर बनवणाऱ्याचा काही दोष नाही, रबराचं वयच तसं. रबरात मऊपणासाठी तेलं घातलेली असतात. ती वर्षागणिक उडत जातात, हवेतला प्राणवायू आणि ओझोन रबर कडक करतात, आणि आपल्याकडचं ऊन ते काम लवकर उरकतं. नक्षी पाणी बाहेर काढते. पकड मात्र रबर धरतं, डांबरातल्या खडीच्या खाचखळग्यांत बसून. कडक रबर तिथे बसतच नाही, मग नक्षी बोटभर खोल असली तरी उपयोग शून्य. कायद्याने दुचाकीला 0.8 मिलिमीटर खोली पुरते, पण वयाबद्दल त्यात काही नाही. वय आपणच बघायचं.

ते बघायची जागा टायरच्या कुशीवर असते. डीओटी या अक्षरांच्या पुढे शेवटी चार आकडे असतात. 2216 म्हणजे 2016 सालचा बावीसावा आठवडा. माझ्या टायरावर तेच होतं. कधीकधी आकडे एकाच कुशीवर असतात, तेव्हा दोन्ही बाजूंना वाकून बघा. आणि नवं टायर घेताना पैसे द्यायच्या आधी हे आकडे स्वतः वाचा. त्या अपघातानंतर मला एका दुकानात ‘नवीन, सवलतीत’ म्हणून दाखवलेल्या टायरावर 1119 होतं, कागदी पट्टीसुद्धा निघाली नव्हती. तीन वर्षं बसलेलं टायर नवीन कसं? मी तिथून उठलो.

निवडीबद्दल. माप सोडू नका: पुढे 90/90-21, मागे 120/90-17. नव्या हिमालयन 450ला मागे 140चं रुंद टायर आहे म्हणून आपल्या 411च्या रिमवर ते कोंबायचं नाही. कड आत ओढली जाते, टायरचा गोलवा बिघडतो आणि गाडी वळणात झुकायला जड होते. वेगाच्या अक्षराची काळजी नको, एस म्हणजे ताशी 180, तिथवर आपली गाडी जातच नाही. भाराचा आकडा मात्र बघा. मागे 64 म्हणजे 280 किलो. दोघं माणसं, पेट्या आणि सामान घेऊन जाणाऱ्याने याच्या खाली येऊ नये. मोठमोठ्या गोट्यांचं ऑफ-रोड टायर घेऊच नका. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आपल्याकडे, आणि तुम्ही चालवता ते ओल्या डांबरावर. गोटे चिखलात रुततात, डांबरावर त्यांची टेकण्याची जागाच कमी. मी आता दोन्हीकडे मेट्झेलर टूरन्स वापरतो आणि पावसात समाधानी आहे. दुसरं कुठलं रोड-जास्त-माती-कमी प्रकारचं मिळालं आणि तारीख ताजी असली तरी हरकत नाही.

बसवताना समोर उभे राहा. 411ला ट्यूब आहे, टायराबरोबर ट्यूबही नवी घाला, जुनी ताणलेली असते. आतून शंखजिरं, कडेला साबणाचं पाणी, ट्यूबमध्ये थोडी हवा भरूनच आत सारायची म्हणजे टॉमीखाली, टायर चढवायच्या पट्टीखाली, चिमटत नाही. शेवटची कड व्हॉल्व्हजवळ आली पाहिजे. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी. बाण फिरण्याच्या दिशेने, आणि काही टायरांवर पुढचा-मागचा बाण वेगवेगळा असतो, तो वाचून. चाक बाहेर असताना ब्रेकला कुणालाही हात लावू देऊ नका, पॅड जवळ आले की डिस्क आत जात नाही. पुढचं चाक बसल्यावर एक्सलचे बोल्ट शेवटचे आवळण्याआधी फोर्क तीन-चारदा दाबून घ्या. मागचं बसवलं तर चेनचा ताण आणि दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का ते बघा. पहिले दीड-दोनशे किलोमीटर सावकाश, नव्या टायराची कातडी गुळगुळीत असते.

दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगायला हव्या होत्या. तुमचं मागचं टायर टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे झिजेची मर्यादा दाखवणाऱ्या, खुणेपर्यंत झिजलं असेल तर ‘आधी पुढचं’ म्हणून त्यावर फिरत राहू नका, दोन्ही एकाच दिवशी करा. आणि नखाची परीक्षा ही माझी सवय आहे, ती मोजमाप नव्हे. टायर कायम सावलीत ठेवलेलं असेल तर ते जास्त टिकतं. मी स्वतः पाच वर्षांवर एक दिवस जाऊ देत नाही.

दादाकडे क्लासिक 350 आहे. दर शुक्रवारी वहिनीला मागे बसवून तो म्हापशाच्या बाजाराला जातो, पावसातसुद्धा. त्याच्या पुढच्या टायरावर 0815 आहे, मी खाली बसून वाचलंय. नक्षी आहे, अर्ध्याहून जास्त. वहिनीने ती शिवणीसारखी बोटाने चाचपून पाहिली आणि मला म्हणाली, ‘भावजी, तुम्हीच सांगा त्यांना.’ गेल्या आठवड्यात मी 90/90-19चं नवं टायर आणि ट्यूब आणून त्याच्या पडवीत ठेवलंय. पैसे मागितलेले नाहीत. चवथीच्या आधी एका रविवारी टॉमी आणि शंखजिरं घेऊन मी जाणार आहे.

तुमच्या फोटोत टायरची कूस दिसत नाही. ते चार आकडे तेवढे लिहून पाठवा.