धावणं बघायचं कसं?

केनियाचा मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे, त्याला धावताना पाहून डोळ्यांत पाणी आलं, असं म्हणालास. मलाही येतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आधी एक कर. उपवन तलावाच्या कडेला सकाळी १०० मीटर मोज आणि १७ सेकंदांत धावून बघ. धाप लागेल. २०२२ मध्ये बर्लिन मॅरेथॉन त्याने २ तास १ मिनिट ९ सेकंदांत पूर्ण केली, तेव्हा हाच वेग त्याने सलग ४२ किलोमीटर राखला होता. हे एकदा पायांना कळलं, की बघण्याची नजरच बदलते.

मग चित्रफीत आवाज बंद करून, संथ गतीने लाव. नवखे फक्त पाय बघतात. तू डोकं बघ: ते जवळजवळ हलतच नाही. खांदे खाली, बोटं सैल, पाऊल शरीराच्या खालीच टेकतं. सगळं सौंदर्य त्या सैलपणात आहे, जिथे लागत नाही तिथे जोर नाही. ३५ किलोमीटरनंतरचा भाग मात्र अजिबात सोडू नकोस. बाकीच्यांच्या माना वाकड्या होतात, आणि हा हसतो! अंग सैल राहावं म्हणून तो मुद्दाम हसतो.

दुसरी चूक म्हणजे लगेच त्याच्यासारखी लांब ढांग टाकणं. नडग्या दुखतील. त्याची ढांग वेगातून येते. तू खांदे सैल सोड, सध्या तेवढं पुरे.

आणि आपल्या ललिता बाबरची २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमधली स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत धावायची शर्यत, नक्की बघ. अडथळ्यांवरूनही लय कशी टिकते, ते दिसेल.