पुराची रेघ दारावर काढली, त्याचा आम्हाला झालेला उपयोग

तुम्ही विचारलंय की कला आणि टेक्नॉलॉजीचे प्रकल्प गावाला संकटात खरंच उपयोगी पडतात की नुसते फोटोपुरते असतात. मी सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या गावातला, आमच्याकडं काय झालं तेवढंच सांगतो.

२००५ चा पूर सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला. सांगलीतल्या आयर्विन पुलाला, जिथं कृष्णेची पातळी फुटात मोजतात, तेव्हा ५३ फुटांच्या वर पाणी होतं, मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये लोकांनी काय केलं, तर सामान २००५ च्या खुणेच्या वर माळ्यावर टाकलं आणि निवांत बसले, आणि पाणी गेलं ५७ च्या वर. माळ्यावरचं धान्यसुद्धा गेलं. मोबाईलवर मेसेज येत होते हो, कोयना धरणातनं एवढे हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सोडलं, पुलाला इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, पण क्युसेक म्हणजे माझ्या उंबऱ्याला काय हे कुणालाच कळत नव्हतं. खरी अडचण हीच होती, माहिती होती पण ती आपल्या दाराची नव्हती.

पूर ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची ओल होती तोवरच आम्ही खुणा धरल्या. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतली आणि घराघरात लेव्हल नेली. शाळेतल्या पोरांनी ऑइल पेंटनं २०१९ ची निळी रेघ ओढली, त्याखाली २००५ ची पिवळी, आणि प्रत्येक उंबऱ्यावर एक आकडा लिहिला, की आयर्विनला इतके फूट झाले की पाणी इथं येतं. रेघेशेजारी ज्या त्या घरानं सांगितलं ते चित्र काढलं, कुणाची चूल, कुणाची म्हैस, एका घरानं तुळशीचं वृंदावन सांगितलं. सुरुवातीला बायका नको म्हणत होत्या, दारावर पूर काढणं अशुभ म्हणून, आणि ते चुकीचं नव्हतं, ज्यांचं गेलं त्यांना रोज ती रेघ बघायला लागणार होती. मग आम्ही थांबलो, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड केल्या आणि त्या वाड्या-गल्लीच्या ग्रुपवर टाकल्या. त्या ऐकताना एक गोष्ट कळली जी आमच्या पिढीला माहीतच नव्हती, की पाणी आधी नदीकडनं येत नाही, मागच्या ओढ्यातनं फुगवटा येतो, म्हणजे नदीचं पाणी ओढ्यात उलटं चढतं. नंतर त्याच बायकांनी बोलावलं, की आमचं दार राहिलं.

इंजिनिअरिंगच्या पोरांनी ओढ्यावरच्या पुलाला सेन्सर पण लावलेला, उंची मोजून मोबाईलवर पाठवणारा. चांगली पोरं, मनापासून केलेलं, पण पावसात लाइट गेली, टॉवर बंद पडला आणि सेन्सर गप्प झाला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की पुरात जे आधी बंद पडतं त्याच्या एकट्याच्या भरवशावर गावाला ठेवू नये. सेन्सर ठेवा, पण त्याच्या शेजारी रंगवलेली फूटपट्टी पाहिजेच, आणि ती वाचणारा माणूस ठरलेला पाहिजे.

२०२१ च्या जुलैत परत पूर आला. आमच्या शेजारच्या आजीच्या उंबऱ्यावर ४९ लिहिलेलं, आयर्विन ४६ ला पोचल्याचं कळल्यावर तिनं कुणाची वाट न बघता दोन्ही म्हशी वरच्या माळावर नेल्या. पाणी घरात शिरलंच, पण गोठा रिकामा होता. पुलाचा फूट आणि दारातला फूट अगदी तंतोतंत जुळत नाही, त्या पुरात काही घरांचे आकडे चुकलेले दिसले, ते आम्ही नंतर दुरुस्त केले.

तुमच्याकडं करायचं असेल तर पावसाळ्याच्या आधी मे महिन्यात रंग परत मारा, फिका पडतो. आणि नवीन घरं सोडू नका. मागच्या वर्षी एकानं भिंतीला नवं प्लास्टर केलं, त्यात रेघ बुजली, तर तो स्वतःच नळी घेऊन आला, म्हणाला माझं माप काढून द्या.