एलईडी घे, पण पहिल्या दिवशी पूर्ण जोरात लावू नकोस

नव्या रीफ टँकला, म्हणजे कोरल ठेवायच्या समुद्री पाण्याच्या टँकला, कोणता दिवा घ्यावा असं विचारशील तर मी तरी एलईडीच सुचवेन. मेटल हॅलाइड दिव्याची झळाळी, पाण्यात हलणाऱ्या त्या प्रकाशलहरी मला आजही आवडतात, पण २५० वॅटचा एक बल्ब पाणी इतकं तापवतो की पाणी थंड करणाऱ्या चिलरचा खर्च मागे लागतो. शिवाय वर्षभरात बल्बचा रंग आणि जोर दोन्ही घसरतात. टी-५ ट्यूबचंही तेच. दिसायला ठीक दिसतात, प्रकाश मात्र उतरलेला असतो. एक मात्र कबूल करायला हवं: टी-५ सारखा सगळीकडे समान पसरणारा प्रकाश एका एलईडीला जमत नाही. कोरलच्या फांद्यांखाली गडद सावली पडते. म्हणून लांब टँकवर एका दणकट युनिटपेक्षा दोन मध्यम बरी.

आता खरा धोका. हॅलाइड काढून एलईडी लावली तेव्हा मी ती थेट शंभर टक्क्यांवर ठेवली. डोळ्यांना निळा प्रकाश मंद वाटतो, म्हणून फसलो. आठवड्यात दोन कोरल पांढरे पडले, कारण अती प्रकाशात ते आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतात. तू ३०-४० टक्क्यांपासून सुरुवात कर आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढव.

वॅट बघू नकोस, पार (PAR, म्हणजे त्या शैवालाला वापरता येणारा प्रकाश) मोज. मीटर भाड्याने मिळाला तरी चालेल. मऊ कोरलना साधारण ५० ते १५० पार पुरतं. अ‍ॅक्रोपोरासारख्या कठीण कोरलना २०० च्या वर लागतं, पण ते तू इतक्यात आणूच नकोस.