हात सुटला की हाताचं काम संपलं

तुझी वही पाहिली. चेंडू वर चाललाय आणि त्याच्यावर तू दोन बाण काढलेत: खाली गुरुत्वाकर्षण, वर 'फेकण्याचा फोर्स'. हा वरचा फोर्स लावतंय कोण? हात? अगं, तो तर खालीच राहिला. हात सुटला की हाताचं काम संपलं. त्याने दिलेला वेग चेंडूकडे राहतो, फोर्स राहत नाही. हवा सोडली तर मग उरली एकटी पृथ्वी.

सगळ्यात वरच्या टोकाला तू ॲक्सिलरेशन (वेग बदलण्याचा दर) शून्य लिहिलंस, तेही यातूनच आलं. शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकला असता की! सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेक. दर सेकंदाला ९.८ ने वेग घटतो, साधारण दोन सेकंदांनी, २० मीटरवर संपतो. त्या क्षणीही ९.८ चालूच, खालच्याच दिशेने.

तिरका फेकल्यावर पुढे कोण नेतं म्हणतेस? कुणी नाही. आडवा वेग आहे तसा राहतो, उभा बदलत जातो, दोन्ही मिळून पॅराबोला, म्हणजे कमानीसारखा मार्ग, होतो. गॅलिलिओने १६३८ मध्ये हे छापलं, तरी आपण अजून हाताचा बाण काढतोय! पटत नसेल तर फास्ट लोकल एका वेगाने धावत असताना नाणं सरळ वर उडव. हातातच येईल. ब्रेक लागले की मात्र तुझ्या पुढे पडेल. (रविवारी दुपारी कर, एरवी हात वर निघायचा नाही.)

मी शिकवायचो त्या क्लासमध्ये या एका बाणावर दोन लेक्चरं घातली म्हणून मालकांनी सुनावलं, "सर, पोर्शन संपवा, रेंजचा, म्हणजे चेंडू किती लांब जातो त्याचा, फॉर्म्युला देऊन टाका." नाही दिला. बॅच गेली. त्या मुलांची रुखरुख आहे, पण आजही नसता दिला. सगळ्यात लांब जायला फॉर्म्युला ४५ अंश सांगतो. शिवाजी पार्कात बाउंड्रीवरून थ्रो करणारा पोरगा बघ, त्यापेक्षा बऱ्याच कमी कोनात टाकतो. हात सुटला की त्याचंही काम संपलं, पण तिथे दुसरा बाण खरंच लागतो: हवेचा, वेगाच्या उलट. म्हणून चेंडू चढतो त्यापेक्षा उभा उतरतो. ते चित्र काढून शनिवारी ये. फॉर्म्युला पाठ करून आलीस तर परत पाठवीन.