कार्तिकातलं ऊन आणि थंडीची तयारी

दिवाळी उरकल्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न थंडीचे आहेत. ग्वाल्हेरकरांना थंडी नवी नाही, पण तयारीत दरवर्षी घोळ होतो तो कोहऱ्यामुळे, म्हणजे दाट धुक्यामुळे. डिसेंबर संपत आला की कोहरा बसतो आणि कधीकधी सलग तीन-चार दिवस ऊन पडत नाही. तोवर रजई भरून झालेली नसेल, खारीक दळलेली नसेल, तर मग काहीच वाळत नाही. म्हणून ज्या कामाला ऊन लागतं ते तुळशीच्या लग्नापासून मार्गशीर्षाच्या मध्यापर्यंत उरका. वीज आणि पैसा लागणारी कामं नंतर झाली तरी चालतील. गरम कपड्यांसाठी ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्याची वाट पाहण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला हा मेळा खरेदीला उत्तमच, पण तो भरेपर्यंत थंडी अंगावर आलेली असते.

जुन्या रजया जड आहेत, तरी ऊब देत नाहीत. कापूस पिंजून घ्यावा की नवीन भरावा? — एक वाचक, दाल बाजार

ऊब कापसाच्या वजनात नसते, कापसात अडकलेल्या हवेत असते. वर्षानुवर्षं अंगाखाली-अंगावर दबून कापसाच्या गाठी होतात, हवा निघून जाते आणि उरतं ते नुसतं ओझं. खोळीची शिवण वीतभर उसवा आणि मूठभर कापूस बाहेर काढून दोन्ही हातांनी हळू ओढा. तंतू लांब निघत असतील तर कापूस जिवंत आहे, पिंजून पुन्हा भरता येईल. तंतू तुटून भुसा पडत असेल तर तो गादीखालच्या गिरदीला द्या, अंगावर घेऊ नका. मधली अवस्था असेल तर निम्मा जुना, निम्मा नवा एकत्र पिंजून घ्यावा.

एकेरी रजई साधारण पाच फूट बाय साडेसात फूट. आपल्याकडच्या जानेवारीला तिच्यात अडीच ते तीन किलो कापूस पुरतो. कार्तिक आणि फाल्गुनासाठी दीड किलोची हलकी वेगळी असावी. चार किलो भरून घेणारे बरेच आहेत, पण तेवढ्या भाराने कापूस स्वतःच दबतो आणि वर्षभरात पुन्हा गाठी होतात. पिंजताना घट येते, तेव्हा तोलून द्या आणि तोलून घ्या. शक्य असेल तर पिंजाऱ्याच्या यंत्रापाशी उभं राहून काम करून घ्या. पिंजलेल्या कापसात निळे-लाल ठिपके दिसले तर त्यात चिंध्यांचा चुरा मिसळला आहे. तो आखूड धाग्याचा असतो आणि सहा महिन्यांत गोळा होतो.

टाके हा भाग मात्र लोक घाईत सोडून देतात. टाक्यांच्या दोन ओळींत चार-पाच इंचांहून जास्त अंतर ठेवलं की कापूस सरकून पायांकडे जमतो आणि छातीवर नुसती दोन कापडं उरतात. टाका सैल हवा. आवळून घातला तर त्या रेषेवर कापूस चेपतो आणि नेमकी तिथूनच थंडी शिरते.

भरलेली रजई धुवू नका. वरून सुकल्यासारखी वाटली तरी आतला कापूस ओलाच राहतो आणि कुबट वास धरतो. वरून सुती खोळ चढवा, तीच धूत जा. ऊन दाखवायचं ते दव पूर्ण वाळल्यावर, म्हणजे दहा-साडेदहाला. एक वाजता उलटायची आणि साडेतीनला आत घ्यायची. ऊन उतरल्यावर तासभर जरी गच्चीवर राहिली तरी दिवसभर गेलेला ओलावा कापूस परत ओढून घेतो. मखमल किंवा गडद रंगाची बाजू खाली ठेवा, नाहीतर विटते. आणि आत आणल्यावर लगेच घडी घालू नका. अर्धा तास पसरून गार होऊ द्या.

सुनेला डिसेंबरात बाळ होणार आहे. घरातले जुने लोकरी कपडे, झबली आणि शाल डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली आहेत. ऊन दिलं की वापरता येतील ना? — थाटीपूर

मोठ्यांना चालतील, बाळाला नकोत. डांबराच्या गोळीतलं नॅफ्थलीन कपड्यांत मुरतं. जी६पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात आणि कावीळ इतकी वाढू शकते की इस्पितळ गाठावं लागतं. कमतरता आहे की नाही हे बाळाकडे पाहून कळत नाही. तेव्हा बाळाचे कपडे आणि दुपटी वेगळी काढा, आणि ज्या कपाटात कधीही गोळ्या पडल्या नाहीत तिथेच ठेवा. आजीची शाल, ज्यात बाळाला गुंडाळलं जाणारच, तीसुद्धा धुऊन तीन-चार दिवस उघड्या हवेत टांगा. वास राहिला तर बाळाजवळ ती पांघरू नका.

धुताना कोमट पाणी, रिठा किंवा लोकरीचा सौम्य साबण. लोकर आटते ती गरम पाणी आणि चोळणं एकत्र आल्यावर: धाग्यावरचे खवले एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत खाटेवर आडवं पसरा. दोरीवर टाकलेला स्वेटर ओल्या वजनानं लोंबतो.

पुढच्या वर्षासाठी एक सांगून ठेवतो. कसरीची अळी लोकर आणि रेशीम खाते, आणि घामाचा, अन्नाचा डाग असलेली जागा तिला आधी सापडते. कपडा स्वच्छ धुऊन, कडक वाळवून, जुन्या सुती धोतरात घट्ट बांधून ठेवला तर गोळ्यांची गरज फारशी पडत नाही.

लष्कर भागात जुना वाडा आहे, दगडी भिंती, पटियांचं (लांब दगडी फरश्यांचं) छत. उत्तरेची खोली डिसेंबर-जानेवारीत बर्फासारखी होते. हीटर लावूनही फरक पडत नाही. — एक वाचक

जाड दगड सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. उन्हाळ्यात हेच आपल्या उपयोगी पडतं. थंडीत ज्या भिंतीला ऊन लागत नाही ती महिनोन् महिने गार राहते. हीटर हवा तापवतो, भिंत ती ऊब ओढून घेते. त्यामुळे आमचं पहिलं सांगणं असं की, दोन महिन्यांसाठी झोपायची खोली बदला. वाड्यात दक्षिणेची खोली असेलच. ग्वाल्हेरला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४० अंशांच्या आसपासच असतो. दक्षिणेच्या खिडकीची वरची कड सात फुटांवर असेल तर ऊन आत आठ फुटांपर्यंत येतं, वर दोन फुटांचा छज्जा असला तरी सहा फूट. जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्यानं हीच खिडकी सावलीत असते. ऊन जिथवर येतं तिथली सतरंजी दिवसा गुंडाळून ठेवा, दगडी फरशी तापू द्या, आणि चारच्या सुमारास सतरंजी अंथरून पडदे ओढा. दगडानं दिवसभर धरलेली ऊब रात्री खोलीतच राहते.

उत्तरेचीच खोली वापरायची असेल तर आधी वारा कुठून येतो ते शोधा. वारं असलेल्या संध्याकाळी पंखा बंद करून उदबत्ती पेटवा आणि दाराच्या चौकटीच्या कडेनं, खिडकीच्या फळ्यांपाशी, रोशनदानाखाली (छताजवळच्या झरोक्याखाली) हळूहळू फिरवा. धूर जिथे आडवा होतो तिथे फट आहे. दाराखालच्या फटीला रबराची किंवा ब्रशची पट्टी, चौकटीला स्पंजाची चिकटपट्टी, आणि भिंत व चौकट यांच्यामधल्या भेगेला चुना-सिमेंट. काचेच्या तावदानाला आतून पाण्याचा फवारा मारून पॅकिंगचं फुग्यांचं प्लास्टिक चिकटवा: उजेड येतो आणि मधे हवेचा थर राहतो. रोशनदान पूर्ण बुजवू नका. तीन भाग झाका, एक भाग उघडा ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ गार भिंतीवर बसून कोपऱ्यात काळी बुरशी धरते.

पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर सरकवा. पटियांच्या सांध्यांना भेगा असतील तर त्या नोव्हेंबरातच भरून घ्या, कारण ओल्या कोहऱ्यात भरलेला चुना-सिमेंट नीट धरत नाही. हे सगळं केल्यावर तोच हीटर पुरेल.

गीझरला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, आवाज येतो आणि बाजूच्या नळीतून पाणी ठिबकतं. बदलावा का? — मुरार

आधी उघडून पाहा. आपल्याकडचं पाणी जड आहे, बोअरचं तर फारच. खडखड किंवा उकळल्यासारखा आवाज म्हणजे तापणाऱ्या कॉइलवर क्षारांचं कवच बसलंय. उष्णता पाण्यात जायच्या आधी कवच तापतं आणि कॉइल जळते. मिस्त्रीला कॉइल साफ करायला सांगाच, पण मॅग्नेशियमचा रॉड दाखवायलाही सांगा. हा रॉड स्वतः गंजून टाकी वाचवतो. मुळात बोटाएवढा जाड असलेला रॉड पेन्सिलीसारखा बारीक झाला असेल तर बदला. कॉइल आणि टाकीच्या मानानं तो फार स्वस्त असतो. जड पाण्यात दरवर्षी पाहावा.

ठिबकण्याचं म्हणाल तर पाणी तापताना फुगतं आणि जास्तीचं सुरक्षा व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. तापतानाच थोडं ठिबकलं तर व्हॉल्व्ह ठीक आहे. गीझर बंद असतानाही धार लागली तर बदला. मात्र त्या नळीला बूच किंवा कापड कधीही लावू नका. दाब बाहेर पडायची तीच एक वाट आहे; ती बुजली तर टाकी फुटते.

विजेचा हिशेब सोपा आहे. १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटपेक्षा जरा जास्त वीज लागते. दोन हजार वॉटच्या गीझरला सोळा-सतरा मिनिटं. २५ लिटरला पाऊण युनिटाच्या थोडं वर आणि सव्वीस मिनिटांच्या आसपास. तुमच्या गीझरला दुप्पट वेळ लागत असेल तर दोष कवचाचा किंवा थर्मोस्टॅटचा. बटण मधोमध ठेवा. खूप गरम पाण्यात क्षार जास्त जमतात. वायरिंगला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना, तेही याच फेरीत पाहून घ्या. बादलीत बुडवायचा रॉड वापरणाऱ्यांनी स्विच बंद करून, प्लग काढूनच पाण्यात हात घालावा, आणि बादली प्लास्टिकचीच घ्यावी.

रात्री शेगडी खोलीत ठेवून दार किंचित उघडं ठेवलं तर चालेल का? — कंपू

नाही. कोळशाच्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. किंचित उघडं दार पुरत नाही. शेगडी अंगणात, गच्चीवर, चार माणसांत. निजायच्या खोलीत निखारा विझत आलेला असला तरी नको. न्हाणीघरातल्या गॅस गीझरलाही हेच लागू: यंत्र बाहेरच्या भिंतीवर, आत फक्त नळ. विजेचा हीटर काही जाळत नाही, त्यामुळे तो ऑक्सिजन खातो ही समजूत खरी नाही. पण रजई आणि पडदे त्याच्यापासून तीन फूट लांब, आणि झोपताना बंद.

आई दिवसभर काचेच्या व्हरांड्यात उन्हात बसते, तरी रक्त-तपासणीत ड जीवनसत्त्व कमीच. असं का? — सिटी सेंटर

काचेतून ऊब येते, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण जवळजवळ सगळे काचेतच अडतात. आईंना अकरा ते एकच्या दरम्यान गच्चीवर किंवा अंगणात बसवा, वीस-तीस मिनिटं, हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत उघडे, डोक्यावर पदर. सकाळी आठचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण या कामाला कमी पडतं. नंतर व्हरांड्यात खुशाल बसू द्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या उन्हाच्या भरवशावर सोडू नका.

डिंकाचे लाडू दाताला चिकटतात आणि गुळामुळे दगड होतात. प्रमाण सांगाल का? — शिंदे की छावणी

डिंक २०० ग्रॅम, खारकेची पूड २५० ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं २५० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, चिरलेला गूळ ५०० ग्रॅम, तूप ३०० ग्रॅम, वर वेलची-जायफळ. मध्यम आकाराचे तीसेक लाडू होतात.

चिकटतो तो आत कच्चा राहिलेला डिंक. मोठे खडे कुटून वाटाण्याएवढे करा आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवा. ओलसर डिंक तुपात फुलत नाही. तूप मध्यम तापवा. कडकडीत तुपात खडा वरून लगेच फुलतो आणि मधे गाठ राहते. एका वेळी एक चमचाभरच टाका, हलवत राहा, आणि काढलेला एक खडा वाटीच्या बुडानं दाबून पाहा. पूर्ण भुगा झाला तर तळला गेला. मधे करकर लागली तर आच आणखी कमी करा. खारीकही बी काढून दोन-तीन दिवस उन्हात खडखडीत वाळवा, मगच दळा, नाहीतर मिक्सरमध्ये लगदा होतो.

दगड होतो तो पाकामुळे. गुळाचा पाक करायचा नाही. दोन चमचे तुपात गूळ मंद आचेवर नुसता विरघळवा, कडेला पहिले बुडबुडे दिसले की उतरवा, आणि खोबरं, खसखस, खारीक, डिंक एकत्र केलेल्या परातीत ओता. हाताला सोसेल तेवढं गरम असतानाच वळा. मिश्रण निवून फुटायला लागलं तर चमचाभर गरम तूप घाला, पुन्हा आचेवर ठेवू नका.

तुळस दर जानेवारीत काळी पडून वाळते. — एक वाचक, लोहिया बाजार

पारा दहाच्या खाली जायला लागला की तुळशीला रात्रीची हवा सोसत नाही. लग्न लागल्यावर मंजिऱ्या खुडून टाका. बी धरण्यात तिची ताकद जाते. चार मंजिऱ्या मात्र झाडावरच पिकू द्या आणि बी कागदाच्या पुडीत ठेवा, म्हणजे झाड गेलंच तर फाल्गुनात नवं लावता येईल. कुंडी दक्षिणेच्या भिंतीशी न्या. सूर्य मावळताना चार काड्या रोवून त्यांवर जुनी सुती साडी टाका आणि सकाळी ऊन आल्यावर काढा. प्लास्टिक नको: पानाला टेकतं तिथे पान जळतं. पाणी संध्याकाळी घालू नका. सकाळी दहानंतर, वरची बोटभर माती कोरडी झाली असेल तरच तांब्याभर घाला. थंडीत बहुतेक तुळशी गारठ्याइतक्याच ओल्या मुळांनीही जातात.