स्टेफनी नव्हे, स्टेपनी

प्रश्न असा आलाय: “ऑफिसात कुणी रजेवर गेलं की त्याच्या जागी आलेल्याला ‘स्टेफनी’ म्हणतात. हे योग्य आहे का?”

आधी तो ‘फ’ काढा! स्टेफनी हे मडमेचं नाव. ट्रकच्या पोटाखाली टांगलेली असते ती स्टेपनी. गॅरेजच्या पाटीवर, जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत, परवा तर चक्क छापील पावतीवर ‘स्टेफनी’ वाचली आणि डोकं उठलं.

जादा चाक हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. मजा त्याच्या मुळात आहे. सुरुवातीच्या मोटारींची चाकं आजच्यासारखी चार नट काढून उतरत नसत. रस्ते घोडागाड्यांचे, नालांचे खिळे जागोजाग सांडलेले. टायर बसला की तिथंच धुळीत फतकल मारायची, टायर उचकटायचा, ट्यूबला ठिगळ लावायचं, हातपंपाने हवा मारायची. डॉक्टर असो की व्यापारी, ‘अमुक वाजता पोचतो’ असं मोटारीच्या भरवशावर कोण सांगणार? १९०४ साली वेल्समधल्या लानेलीत (खरा वेल्श उच्चार मला जमत नाही, तुम्हीही नादी लागू नका) लोखंडी सामान विकणाऱ्या टॉम आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी तोड काढली. आरे नसलेली नुसती धाव, म्हणजे चाकाची बाहेरची गोल कडी, तिच्यावर हवा भरलेला टायर. फुटलेलं चाक काढायचंच नाही; ही धाव बाहेरून त्याला आवळायची आणि निघायचं. दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून ही स्टेपनी.

एक ज्येष्ठ शब्दप्रेमी मात्र लंडनच्या स्टेपनी भागावर अडून बसलेत. नकाशात नाव सापडलं म्हणजे व्युत्पत्ती सापडली, असं नसतं हो. दुसरे म्हणतात, जीपच्या मागच्या ‘स्टेप’वर ठेवतात म्हणून. मग उरलेली ‘नी’ कुणाची?

आणि खरी गंमत त्या ‘नी’तच आहे. पुढे चाकंच सुटी निघू लागली, तशी इंग्लंडात ती वस्तू गेली आणि शब्दही गेला. आपल्याकडे टिकला. माल्टातही टिकला, ब्राझीलमध्ये तर त्याचा ‘एस्तेपी’ झाला. त्यांचं ते जाणोत. मराठीत तो का रुजला, याबद्दल माझं एक मत आहे. चाळणी, गाळणी, लेखणी, फुंकणी, तशीच ही. आमच्या गावचा मिस्त्री सरळ ‘स्टेपणी’च म्हणायचा: “स्टेपणीत हवा हाय का बगा आदी.” ते चाक, पण ती स्टेपनी! एकदा स्त्रीलिंग चिकटलं, की ‘दुसरी बाई’ हा चावट अर्थ यायला कितीसा वेळ लागणार? कोशकारांना हे पटत नाही. न पटो.

हां, ते ऑफिसचं राहिलंच. मूळची स्टेपनी फुटक्या चाकाला घरी पाठवत नव्हती, त्याच्या बाजूला लागून भार उचलायची. रजेवर गेलेल्याच्या जागी जो येतो, त्याला गिरणगावाने कधीच शब्द देऊन ठेवलाय: बदली.