टॅपेट कव्हरला (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) खरबरीत, सुरकुत्यांचं फिनिश द्यायचंय. पावडर कोटिंग करू की रिंकल पेंट? नागपुरात काय टिकेल?

तुमचं कव्हर अ‍ॅल्युमिनियमचं आहे, सोबत इनटेक मॅनिफोल्डही (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या) करायचंय आणि उन्हाळ्याची धास्ती आहे, असं तुम्ही लिहिलंय. उन्हाळा सोडा हो. बाहेर ४५ असो की ४७, चालू इंजिनावरचं टॅपेट कव्हर तसंही शंभरीच्या आसपास तापतं. चांगला रिंकल पेंट पावणेदोनशे डिग्रीपर्यंत सोसतो, आणि पावडर, म्हणजे धातूवर चिकटवलेली रंगाची कोरडी भुकटी, तर भट्टीत १८०-२०० वरच शिजते. दोन्ही टिकतात. फिनिशची वाट लागते ती रंगाच्या आधीच्या कामात, आणि कधी कधी त्यात इंजिनही जातं. आमचं गेलं.

बाबांची १९७७ ची मार्क थ्री अ‍ॅम्बॅसडर, १४८९ सीसी पेट्रोल. २०१२ मध्ये तिचं पत्र्याचं टॅपेट कव्हर गंजायला लागलं होतं. मी म्हटलं, घरीच रिंकल मारतो. आमचे दादा (मावसभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे, प्रत्येक गोष्टीतले जाणकार) म्हणाले, "ते डब्यातले रंग कायले मारतं? पावडर म्हणजे पावडर!" आणि कव्हर उचलून हिंगणा रोडकडच्या त्यांच्या ओळखीच्या दुकानात देऊन आले. दोन दिवसांनी पेपरात गुंडाळून परत आलं. काळंभोर, एकसारखं दाणेदार, हात फिरवत राहावं असं. खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं. फक्त पॅकिंग बसते त्या कडेवरही त्यांनी पावडर चढवली होती. ती मी खरवडली, नवं कॉर्कचं पॅकिंग टाकलं आणि कव्हर बसवलं. आतून हात फिरवला नाही. ही चूक माझी.

तीन-चार आठवड्यांनी वर्धा रोडवर, बुटीबोरी ओलांडल्यावर, इंजिनाच्या खालून टकटक सुरू झाली. गाडी ओढून आणली. मिस्त्रींनी चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवलं, तळाचं ऑइल अंगठा आणि बोटात चोळलं, मग तेच बोट टेबलावरच्या काचेच्या ग्लासवर दाबून ओढलं. कर्रर्र असा आवाज आला आणि काचेवर बारीक रेघा उमटल्या. "भाऊ, हे ऑइल नाही, पॉलिश पेपर आहे." ब्लास्टिंगची वाळू, म्हणजे पावडरच्या आधी गंज काढायला हवेच्या जोराने मारतात ती. ब्रीदरच्या नळीत आणि कव्हरच्या दुमडलेल्या कडांत अडकून राहिलेली. गरम ऑइलचे शिंतोडे बसले, वाळू सुटली आणि थेट खाली. बेरिंगचे शेल (क्रँक ज्यांत फिरतो त्या वाट्या) असे ओरखडले होते की नखाला लागायचे. हाफ इंजिन काम, म्हणजे अर्धं इंजिन खोलून दुरुस्ती, निघालं.

दादांचं म्हणणं आजही असं की इंजिन जुनंच होतं, शेल जाणारच होते. दर लग्नात पंगतीला बसलं की हा विषय निघतो. मी त्या वाळूची चिमूट होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत ठेवली आहे. एकदा दाखवली, तर म्हणाले, "हे तुमच्या स्लॅबचं असंल."

पुढच्या मे महिन्यात मी ती पावडर काढून रिंकल मारला. तेही पहिल्या फटक्यात जमलं नाही. सवयीने पातळ हात मारले, सपाट काळा रंग आला. हा रंग जाड लागतो, कारण वरची कातडी आधी सुकते, खालचा थर ओला असतो, म्हणून ती गोळा होते. दुसऱ्या वेळी उकाडा सहन होईना म्हणून कूलरसमोर बसून मारला, तर खसाच्या काड्या येऊन चिकटल्या. तिसऱ्यांदा थिनरने सगळं धुऊन, सकाळी सातला, वारा नसताना बसलो. एक हात आडवा, एक उभा, एक तिरपा, मधे पाच-पाच मिनिटं. मग तासभर उघडं ठेवून लोखंडी पेटीत, दोन २०० वॅटच्या बल्बांखाली. झाकण किलकिलं करून पाहत होतो. तापल्या दुधाच्या सायीवर फुंकर मारली की ती कशी गोळा होते, तशा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सुरकुत्या सरकत आल्या. त्या दिवशी मी जेवायलाही खाली गेलो नाही.

ते कव्हर अजून तसंच आहे. दादांना सांगा.

तुमच्यासाठी एवढंच, की ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या छिद्रांत वर्षानुवर्षांचं ऑइल मुरलेलं असतं. पावडर करणार असाल तर आधी कोरंच भट्टीत तापवून घ्यायला सांगा, नाहीतर रंग शिजताना फोड येतात. रिंकलच्या घड्यांत धूळ बसते, आणि आपल्याकडे कोराडीची राखही आहे. नरम ब्रश आणि साबणपाणी, पेट्रोल नको. एक्झॉस्टवर यातलं काहीच टिकत नाही, तिथे सिलिकॉनचा हाय-टेंपरेचर पेंटच लागतो. लाल मारायचा मोह होत असेल तर बेलाशक मारा, फेरारीच्या टेस्टा रोसाचं नावच मुळी लाल डोकं.

आणि हो, माझी गाडी शेडमध्येच असते, महिन्यातून दोनदा निघते. रोज चालणाऱ्या गाडीला, स्वच्छ काम करणारा माणूस मिळाला तर, पावडरच जास्त बरी पडेल. पेटी-बल्बचा उद्योगही करू नका. थिनरची वाफ भरलेल्या बंद पेटीत गरम बल्ब, माझं नशीब चांगलं होतं.

इनटेक मॅनिफोल्ड ब्लास्टिंगला देताना सगळी तोंडं बंद करून द्या. परत आलं की केरोसीनने दोनदा धुवा, हवा मारा, टॉर्च लावून आत पाहा. त्यातून निघालेली वाळू तर सरळ बोअरमध्येच, पिस्टन चालतो तिथेच, जाते.